जागा संघाची, मान खेळाडूचा

नवी मुंबईतील करावे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. एका अंगाला खाडी आणि पाणथळ, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या आखणीतून उभे राहिलेले सीवूड्स आणि नेरूळ, आणि गावापासून थोड्याच अंतरावर डी. वाय. पाटील क्रीडांगण. ४ मार्च २००८ रोजी या क्रीडांगणाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून येथे जे मोठे सामने झाले, त्यांतून एक प्रश्न वारंवार पुढे आला आहे. ज्याने संघ उभा केला, संघाला सामने जिंकून दिले, त्या खेळाडूचे वय झाले आणि धावा आटल्या, तर संघाने त्याला ठेवून घ्यावे की सन्मानाने निरोप द्यावा?

हा प्रश्न केवळ नामवंतांचा नाही. ठाणे-रायगडच्या गावागावांत कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे संघ असतात. तेथे निवड समिती नसते. पण वर्षानुवर्षे संघ चालवणाऱ्या दादाला 'आता तुम्ही थांबा' हे कोणी सांगायचे, हा पेच तेथेही असतोच. वाशीच्या बाजार समितीतील पेढीवर बसणाऱ्या वडिलांना आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या चाळिशीच्या मुलालाही तो अपरिचित नाही. खेळात हिशेब धावफलकावर मांडलेला असतो आणि सर्वांना दिसतो, म्हणून मैदानावरची उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार करणे सोपे जाते.

जैन परंपरेने दिलेली अनेकांताची दृष्टी येथे उपयोगी पडते. 'ठेवावे' म्हणणाऱ्यांच्या बाजूने कृतज्ञता आहे, अनुभव आहे आणि पुनरागमनाची आशा आहे. 'काढावे' म्हणणाऱ्यांच्या बाजूने संघाचे हित आहे आणि बाकावर बसून वाट पाहणाऱ्या तरुणावरील अन्यायाची जाणीव आहे. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे. मात्र अनेकांत म्हणजे निर्णय टाळण्याची सबब नव्हे. कोणते सत्य कोणत्या अपेक्षेने खरे ठरते, हे तपासून निर्णयापर्यंत जावेच लागते.

वय हा पुरावा नव्हे

पहिली गोष्ट अशी की नुसत्या वयावरून काही ठरत नाही. १ जून २००८ रोजी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना नेरूळच्या याच मैदानावर झाला. राजस्थान रॉयल्सने चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या चेंडूवर तीन गडी राखून हरवले. राजस्थानचा कर्णधार शेन वॉर्न तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि कसोटी क्रिकेटमधून निवृत्त होऊन त्याला वर्षाहून अधिक काळ लोटला होता. त्या स्पर्धेत त्याने १९ बळी घेतले आणि फारसे कोणी ओळखत नसलेल्या तरुणांकडून विजेतेपद मिळवले.

दोन वर्षांनी, २५ एप्रिल २०१० रोजी, याच मैदानावर मुंबई इंडियन्स आणि चेन्नई यांच्यात अंतिम सामना झाला. मुंबईचा कर्णधार सचिन तेंडुलकर याने आदल्याच दिवशी ३७ वर्षे पूर्ण केली होती. हाताला दुखापत असतानाही त्याने ४८ धावा काढल्या. मुंबई २२ धावांनी हरली, तरी ६१८ धावा करून स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मान त्यानेच मिळवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्वाल्हेर येथे त्याने पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक झळकावले होते. वर्षअखेर कसोटी सामन्यांत त्याच्या नावावर सात शतकांसह १,५६२ धावा जमा झाल्या.

आता याच खेळाडूचा चार वर्षांपूर्वीचा हिशेब पाहावा. २००६ या वर्षात कसोटी सामन्यांतील त्याची सरासरी २५ च्याही खाली होती. मार्च महिन्यात वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध अवघी एक धाव करून तो परतत असताना, त्याच्याच शहरातील काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल यांनी सचिनने आरशात पाहून स्वतःला प्रश्न विचारावा, असे लिहिले. त्या वेळी निवड समितीने लोकांच्या रागाला मान दिला असता, तर २०१० चे सोनेरी वर्ष आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक उंचावणारा सचिन आपल्याला दिसलाच नसता.

पडता काळ आणि उतरता काळ

तथापि याच कारकिर्दीचा उत्तरार्ध याच्या नेमका उलट साक्ष देतो. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊन येथे सचिनने १४६ धावा काढल्या. ते त्याचे ५१ वे आणि शेवटचे कसोटी शतक. त्यानंतर नोव्हेंबर २०१३ पर्यंत तो आणखी २३ कसोटी सामने खेळला. एकाही सामन्यात तो शंभरी गाठू शकला नाही. १६ मार्च २०१२ रोजी मीरपूर येथे बांगलादेशाविरुद्ध आंतरराष्ट्रीय शतकांचे शतक पूर्ण झाले, पण तो सामना भारताने गमावला. त्या वर्षी मायदेशी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत तिन्ही डावांत तो त्रिफळाचीत झाला. वर्षअखेर इंग्लंडविरुद्ध सहा डावांत त्याच्या ११२ धावा झाल्या आणि त्यांतील ७६ एकाच डावातील होत्या.

२००६ आणि २०१२ या दोन वर्षांतील आकडे शेजारी ठेवले तर ते सारखेच निराशाजनक दिसतात. दोहोंतील अंतर आकड्यांच्या मागच्या कारणात आहे. पहिल्या वेळी कोपराची आणि खांद्याची दुखापत होती, शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि शरीर सावरताच खेळही सावरला. दुसऱ्या वेळी अशी मोठी दुखापत पुढे आली नव्हती. सरळ येणाऱ्या चेंडूवर पाय वेळेवर हलत नव्हता आणि यष्ट्या वारंवार उडत होत्या. पहिला पडता काळ होता, दुसरा उतरता काळ.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर यंत्र बिघडणे वेगळे आणि यंत्रावर घसारा चढणे वेगळे. बिघाड दुरुस्त होतो, म्हणून दुरुस्तीसाठी थांबणे शहाणपणाचे असते. घसारा दरवर्षी मांडावाच लागतो. तो मांडला नाही म्हणून यंत्र नवे राहत नाही, फक्त ताळेबंद खोटा होतो. निवड समितीपुढची अडचण ही की सुरुवातीच्या काही डावांत या दोन्ही गोष्टी अगदी एकसारख्या दिसतात. म्हणूनच चार-सहा डावांच्या सरासरीवर कोणाचे भवितव्य ठरवू नये. धावा का आटल्या, फलंदाज कसा बाद होतो आहे, कोणत्या गोलंदाजीपुढे अडतो आहे, विश्रांतीनंतर फरक पडतो का, हे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे एकाच दिशेने जाऊ लागली, की मग मात्र प्रतीक्षेला कृतज्ञतेचे नाव देऊ नये.

सांगायचे कोणी?

डिसेंबर २०१२ मध्ये संदीप पाटील यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने ही अवघड गोष्ट केली. पद सोडल्यानंतर पाटील यांनी २०१६ मध्ये ती हकीकत जाहीरपणे सांगितली. १२ डिसेंबर २०१२ रोजी समितीने सचिनला भेटून त्याच्या पुढील बेताविषयी विचारले. निवृत्तीचा विचार त्याच्या मनात नव्हता. परंतु समितीचे त्याच्याविषयी एकमत झाले होते आणि ते तिने नियामक मंडळाला कळवले होते. पुढच्या बैठकीच्या सुमारास सचिननेच दूरध्वनी करून एकदिवसीय क्रिकेट सोडत असल्याचे सांगितले. २३ डिसेंबर रोजी ती घोषणा झाली.

या प्रसंगावर पुष्कळ टीका झाली. देवत्व बहाल केलेल्या खेळाडूला असे विचारावे काय, असा तिचा सूर होता. शांतपणे पाहिले तर त्यात समितीचे धैर्य आणि सौजन्य दोन्ही दिसतात. वर्तमानपत्रातून इशारे देण्याऐवजी, किंवा एके दिवशी यादीतून नाव गाळण्याऐवजी, समोर बसून विचारले गेले. ज्याला काही सांगायचे आहे त्याला आधी एकांतात सांगावे, ही घरातील वडीलधाऱ्यांची रीत मोठ्या संस्थांनाही लागू पडते.

याच्या उलट झाले म्हणजे काय होते, हे नोव्हेंबर २०१८ मध्ये दिसले. वेस्ट इंडीजमधील महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यासाठी ३५ वर्षांच्या मिताली राजला वगळण्यात आले. याच स्पर्धेत पाकिस्तान आणि आयर्लंड यांच्याविरुद्ध तिने अर्धशतके केली होती. आक्षेप होता तो धावांच्या गतीवर. जिंकणारा संघ बदलायचा नाही, असे कारण देण्यात आले. भारताचा डाव ११२ धावांत आटोपला आणि सामना आठ गड्यांनी गेला. त्यानंतर पत्रे, आरोप आणि प्रत्यारोप सार्वजनिक झाले. क्रिकेटच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही दोन मते होऊ शकतात. परंतु ज्या रीतीने तो झाला, त्यातून संघाच्या पदरात कटुतेशिवाय काही पडले नाही. त्या दिवशी भारताची कर्णधार होती हरमनप्रीत कौर. सात वर्षांनी हाच प्रश्न तिच्या स्वतःच्या दारात उभा राहणार होता.

बाकावर बसलेला माणूस

ज्येष्ठाला ठेवावे असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे तो ज्येष्ठ असतो. त्याची जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण आपल्याला दिसत नाही, कारण त्याने अजून आपल्याला आनंद दिलेला नसतो. अजिंक्य रहाणे नोव्हेंबर २०११ मध्ये भारताच्या कसोटी संघात निवडला गेला आणि पहिला कसोटी सामना खेळला तो २२ मार्च २०१३ रोजी दिल्लीत. मधले सुमारे सोळा महिने तो पाणी आणि हातमोजे पोहोचवत होता. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिनने वानखेडेवर निरोप घेतला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने जोहान्सबर्ग येथे विराट कोहली चौथ्या क्रमांकावर उतरला आणि त्याने ११९ व ९६ धावा केल्या. पुढच्या डर्बन कसोटीत रहाणेने नाबाद ५१ आणि ९६ धावा काढल्या. जी जागा भरून निघणार नाही असे वाटत होते, ती भरून काढणारे हात आधीच तयार होते.

रहाणेला निदान संधी मिळाली. अमोल मुजुमदार यांना ती कधीच मिळाली नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसलेला मुलगा म्हणजे मुजुमदार. पुढे रणजी पदार्पणातच त्यांनी २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ३० शतकांसह ११,१६७ धावा केल्या. मुंबईला २००६-०७ चा रणजी करंडक त्यांच्या नेतृत्वाखाली मिळाला. भारताच्या मधल्या फळीत मात्र त्या पिढीतील थोर फलंदाज बसलेले होते आणि जागा रिकामी झाली नाही. यात कोणाचा दोष नव्हता, कारण ते थोर फलंदाज आपल्या धावांनी जागा राखत होते. परंतु प्रत्येक जागेची किंमत कोणीतरी मोजत असते, एवढे या एका नावावरून कळते. जागा धावांनी राखलेली असेल तर ती किंमत न्याय्य ठरते. केवळ पूर्वपुण्याईने राखलेली असेल तर ठरत नाही.

दोन बास्केटबॉल संघांचा ताळेबंद

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये संघाने वेतनावर किती खर्च करावा, यावर बंधने असतात. त्यामुळे तेथे ज्येष्ठ खेळाडूला ठेवण्याची किंमत डॉलरमध्येच दिसते. लॉस एंजेलिस लेकर्सचा कोबी ब्रायंट याने संघाला पाच विजेतेपदे मिळवून दिली होती. एप्रिल २०१३ मध्ये त्याच्या टाचेजवळचा स्नायुबंध तुटला. तो पूर्ववत खेळू शकेल की नाही हे स्पष्ट होण्यापूर्वीच, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, संघाने त्याच्याशी दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलरचा नवा करार केला. करार कृतज्ञतेचा होता. त्यानंतर २०१५-१६ च्या मोसमात लेकर्सने ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकले. संघाच्या इतिहासातील तो सर्वांत वाईट मोसम ठरला. १३ एप्रिल २०१६ रोजी आपल्या अखेरच्या सामन्यात कोबीने ६० गुण नोंदवले. चाहत्यांना ती रात्र कायमची आठवण देऊन गेली. मोसमाच्या खात्यावरील तूट मात्र तिने भरून निघाली नाही.

त्याच काळात सॅन अँटोनियो स्पर्स या संघातही एक ज्येष्ठ खेळाडू होता, टिम डंकन. २०१२ मध्ये त्याने नवा करार केला तो आधीच्या निम्म्याहूनही कमी वार्षिक वेतनावर. वाचलेल्या पैशातून संघाला इतर खेळाडू राखता आले. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी कामाची वाटणीही बदलली. २०१३-१४ च्या मोसमात ४८ मिनिटांच्या सामन्यात कोणत्याही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही. ३६ वर्षांचा मनू जिनोबिली बाकावरून उठून मध्येच खेळायला येत असे. जून २०१४ मध्ये स्पर्सने विजेतेपद पटकावले. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान २२ वर्षांच्या कवाय लेनर्डला मिळाला. ३८ वर्षांचा डंकन त्याच संघात होता आणि त्यानंतरही दोन वर्षे खेळला.

दोन्ही संघांनी आपला ज्येष्ठ ठेवला. एकाने त्याला पूर्वीच्याच मानाने, पूर्वीच्याच ओझ्याने आणि अवाढव्य किमतीला ठेवले. दुसऱ्याने काम, वेळ आणि वेतन यांची नव्याने आखणी केली, आणि खेळाडूने ती मान्य केली. म्हणजे 'ठेवावे की काढावे' या प्रश्नाआधी 'कोणत्या कामासाठी ठेवावे आणि कोठवर' हा प्रश्न यायला हवा.

पुन्हा नेरूळमध्ये

ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकात ३६ वर्षांची हरमनप्रीत कौर भारताची कर्णधार होती. पहिल्या चार डावांत तिला एकदाही २५ धावांच्या पुढे जाता आले नाही. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाले. तिच्या फलंदाजीवर आणि नेतृत्वावर प्रश्नचिन्ह उमटले. स्पर्धा मध्यावर असताना कर्णधार बदलण्याची भाषा करणे समाजमाध्यमांवर सोपे असते. संघात बसून तसे करणे म्हणजे उरलेसुरले बळही मोडणे होय. संघ व्यवस्थापनाने तिच्यावरील विश्वास ढळू दिला नाही. त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार.

३० ऑक्टोबर रोजी डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांना हरमनप्रीतच्या ८९ धावांची साथ मिळाली आणि दोघींच्या १६७ धावांच्या भागीदारीने सामना फिरला. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतने २० धावा केल्या. आकड्यांपुरते पाहिले तर सामान्य कामगिरी. पण नियमित गोलंदाज नसलेल्या शेफाली वर्माच्या हाती चेंडू देण्याचा निर्णय तिचा होता, आणि शेफालीने दोन महत्त्वाचे बळी मिळवून दिले. शेवटचा झेल हरमनप्रीतनेच मागे धावत टिपला आणि भारताने ५२ धावांनी विश्वचषक जिंकला. त्यानंतर तिने मुजुमदार यांच्या पायांना हात लावला. ज्यांना भारताची टोपी कधी मिळाली नाही, त्यांच्या शिकवणीतून विश्वविजेता संघ घडला होता. विजयानंतर संघाने तो चषक मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांच्या हाती दिला. २०१८ मधील कटुता विसरणे सोपे नव्हते, पण पूर्वसुरींचे ऋण त्या रात्री सर्वांसमोर मान्य झाले.

हरमनप्रीतला ठेवणे योग्य ठरले ते केवळ विजय मिळाला म्हणून नाही. निकालावरून निर्णयाची योग्यता ठरवणे हा सोयीचा पण चुकीचा न्याय आहे. तिच्याकडे धावांखेरीज दुसरे एक काम होते आणि ते करणारी तितकीच तयार व्यक्ती त्या क्षणी संघात नव्हती, म्हणून तो निर्णय योग्य होता.

पायरीपायरीने उतरणे

मुंबईच्या रणजी संघाने याच प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले. २०२३-२४ च्या मोसमात कर्णधार रहाणेच्या धावा जवळजवळ आटल्या होत्या. मुंबईने त्याला ठेवले. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने दुसऱ्या डावात ७३ धावा केल्या. त्याच डावात १९ वर्षांच्या मुशीर खानने १३६ धावा काढून रणजी अंतिम सामन्यात शतक करणारा मुंबईचा सर्वांत तरुण फलंदाज होण्याचा सचिनचा विक्रम मोडला. सामना हाती आल्यावर रहाणेने चेंडू ३५ वर्षांच्या धवल कुलकर्णीकडे दिला. ती धवलच्या कारकिर्दीची अखेर होती. अखेरचा बळी त्यानेच घेतला आणि मुंबईने ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला. तरुणाला संधी आणि ज्येष्ठाला निरोप या दोन गोष्टी एकाच सामन्यात, एकमेकींच्या आड न येता, घडू शकतात हे त्या दिवशी दिसले.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेने मुंबईचे कर्णधारपद आपणहून सोडले. नवे नेतृत्व घडवण्याची हीच वेळ आहे, असे त्याने सांगितले आणि खेळाडू म्हणून संघात राहण्याची इच्छा व्यक्त केली. कर्णधारपद शार्दूल ठाकूरकडे गेले. पदाचा भार उतरल्यावर ऑक्टोबरमध्ये रहाणेने छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा केल्या. त्याच सुमारास भारतीय संघातून वगळताना आपल्याशी कोणी संवाद साधला नाही, अशी खंतही त्याने बोलून दाखवली. वगळले याचे दुःख खेळाडू पचवतो. कोणी बोललेच नाही, याचे दुःख रेंगाळत राहते.

रहाणेने केले ते जैन श्रावकाला नवे वाटू नये. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. आठवी आरंभत्यागाची, म्हणजे व्यापार-उद्योगाची कामे सोडण्याची. नववी परिग्रहत्यागाची. दहावी अनुमतित्यागाची, तिच्यात घरच्या व्यवहारात होकार-नकार देणेही थांबते. हा मार्ग मोक्षाचा आहे आणि त्याची तुलना खेळाशी करणे एका मर्यादेपर्यंतच उचित होय. पण त्यातील क्रम अर्थपूर्ण आहे. माणसाला एका दिवसात सर्व काही सोडायला सांगितलेले नाही. आधी काम सुटते, मग मालकी सुटते, आणि 'माझे मत विचारा' हा आग्रह त्याहूनही उशिरा सुटतो. पेढीवरून उठलेले अनेक वडील या शेवटच्या पायरीवर अडतात, हे घरोघरी दिसते. सचिनही पायऱ्यांनीच उतरला. डिसेंबर २०१२ मध्ये एकदिवसीय क्रिकेट, मे २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सच्या पहिल्या विजेतेपदानंतर आयपीएल, ऑक्टोबरमध्ये हरियाणाविरुद्ध लाहली येथे नाबाद ७९ धावांनी मुंबईला जिंकून देत रणजी, आणि नोव्हेंबरमध्ये कसोटी. आंतरराष्ट्रीय गोलंदाजीपुढे उशिरा हलणारे पाय रणजीत अजूनही सामना जिंकून देत होते. ज्याला एका पायरीवर जागा उरत नाही, त्याला दुसऱ्या पायरीवर ती असू शकते.

आदिपुराणातील नीलांजनेची कथा वाचकांना ठाऊक आहेच. ऋषभदेवांच्या सभेत नृत्य करता करता तिचे आयुष्य संपले. इंद्राने तत्क्षणी तिच्या जागी दुसरी नर्तकी उभी केली. नृत्य खंडले नाही आणि सभेला काही कळलेही नाही. ऋषभदेवांना मात्र कळले, आणि त्या एका क्षणाने त्यांना वैराग्य आले. भरत आणि बाहुबली यांना राज्य देऊन ते निघाले. खेळही असाच चालू राहतो. एक जातो, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत राहतात. संघ चालवणाऱ्यांनी नृत्य खंडू देऊ नये, हे त्यांचे कर्तव्य आहे. पण गेलेल्याची जाणीव ठेवणे हेही त्यांचेच कर्तव्य आहे.

तेव्हा संघाने काय करावे? मागील धावांसाठी मान द्यावा, जागा देऊ नये. जागा पुढील कामासाठी असते. दुखापतीने किंवा मनःस्थितीने आलेला पडता काळ असेल तर धीराने थांबावे, आणि किती थांबणार हे आधी ठरवून खेळाडूला सांगावे. उतार असेल तर काम बदलून पाहावे. नेतृत्व, मार्गदर्शन, कमी षटके, खालचा क्रमांक अशा पायऱ्या त्याच्यापुढे ठेवाव्यात. ते जमणार नसेल तर समोर बसून स्पष्ट बोलावे आणि निरोपाचा सामना द्यावा. बाकावरील तरुणालाही त्याची पाळी केव्हा येणार हे कळू द्यावे, कारण अनिश्चित प्रतीक्षेने गुणी माणूस खचतो.

खेळाडूच्या बाजूनेही एक कर्तव्य उरते. विजय मर्चंट यांनी १९५१ मध्ये दिल्लीत आपल्या अखेरच्या कसोटीत १५४ धावा केल्या, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. सुनील गावसकर यांनी मार्च १९८७ मध्ये बंगळूर येथे अखेरच्या कसोटी डावात ९६ धावा केल्या. दोघांचीही जागा त्यांच्याकडे कोणी मागितली नव्हती. इतके नेमके उतरणे प्रत्येकाला साधत नाही आणि प्रत्येकाने ते साधावे असा हट्टही नको. परंतु कोणी समोर बसून 'पुढचा विचार काय?' असे विचारले, तर तो अपमान न मानता त्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे प्रत्येकाला शक्य आहे. मैदानावर, पेढीवर आणि घरातही.